टपाचं नवं-जुनं

जुनी मोटार बाळगणाऱ्या माणसाला एक सुख असतं. त्याला सल्ला मागायला कुठं जावं लागत नाही. गाडी उभी केली की सल्ला आपल्या पायांनी चालत येतो. आमची प्रीमियर पद्मिनी १९८२ सालची. सरकारच्या २०२१ च्या नियमाप्रमाणं पन्नास वर्षं पुरी झाल्याशिवाय मोटार ‘विंटेज’ होत नाही, त्यामुळं कागदोपत्री ती अजून तरुण आहे. मीही तिच्याच वयाचा. पण माझ्याबाबतीत सरकारनं असा काही दिलासा दिलेला नाही.

आण्णा शाळेत गणित शिकवायचे. १९८६ मध्ये त्यांनी ही गाडी जुनी म्हणूनच घेतली आणि पहिल्या महिन्यात तिच्या टपावर काळं रेक्झिन चढवून घेतलं. त्या काळी ती ऐट होती. आमच्या घरातल्या लग्नांच्या फोटोंत नवरा-नवरीच्या मागं तो काळा टप हमखास दिसतो. एका फोटोत तर नवरदेव कापला गेलाय, टप मात्र पुरा आलाय.

गेल्या पावसाळ्यात मागच्या काचेच्या कोपऱ्यातून पाणी आत येऊ लागलं. “अहो, टप गळतोय,” मागच्या सीटवरून आमची ही म्हणाली. “दव असेल,” मी म्हणालो. जुलै महिना होता आणि दुपारचे तीन वाजले होते.

आमचं घोडेगाव नगर–संभाजीनगर रस्त्यावर आहे. नावात घोडा असला तरी शुक्रवारच्या बाजारात जोर असतो तो म्हशींचा. या रस्त्याकडेला ट्रकच्या आणि ट्रॅक्टरच्या सीटा शिवणारे एक कुशनवाले चाचा आहेत. त्यांनी टपावरून हात फिरवला, काचेच्या कोपऱ्यात अंगठा दाबला. अंगठा आत गेला. “साहेब,” ते म्हणाले, “खाली पत्रा नाही, पापड आहे. सगळं सोलावं लागेल. पंधरा दिवस.”

एवढ्यात सल्लागार जमलेच होते. आमचा मेहुणा, शाखेतले सहकारी, आणि म्हशीचं गिऱ्हाईक सोडून आलेले एक नाना. तिघांचं म्हणणं एकच: “सोलता कशाला? आहे त्याच्यावर नवं चढवून टाका. एका दिवसाचं काम!”

वाचकहो, माझं भांडण या ‘टाका’शी आहे. टाकणे हे क्रियापद कचऱ्यापुरतं ठीक होतं. आम्ही ते सगळ्यालाच जोडलं. उरकून टाका, रंग मारून टाका, सही करून टाका, चढवून टाका. साहेबांची पाहणी आली की भिंतीच्या ओलीवर चुना फासून टाकतो, मंत्री येणार म्हटलं की खड्ड्यात मुरूम लोटून टाकतो. साहेब परत गेले की ओल भिंतीत आणि मुरूम लोकांच्या नाकात. आणि याला आम्ही व्यवहारज्ञान म्हणतो.

आता कुणी म्हणेल, मुळात रेक्झिनचा टप हेच एक सोंग आहे. कबूल. पूर्वी उघड्या गाडीला कापडाचा हूड असे, तो श्रीमंती थाट. पुढं अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकांत पक्क्या पत्र्याच्या टपावर रेक्झिन डकवून ‘हा हूड आहे बरं का’ असं भासवण्याची टूम निघाली आणि हिंडत हिंडत आमच्या आण्णांपर्यंत आली. पण सोंग आणि लबाडी यांत फरक आहे. सोंगात राजा झालेला माणूस राजा नाही हे सगळ्या गावाला माहीत असतं. लबाडी ती, जिच्यात खालचं वरच्याला कळू द्यायचं नसतं. १९७० मध्ये अमेरिकेत प्लिमथ सुपरबर्ड नावाची शर्यतीची गाडी निघाली. तिची मागची काच बदलताना टपाला जोडकाम करावं लागलं. ते जोड घासून साफ करण्याऐवजी सरसकट सगळ्या गाड्यांना रेक्झिनचा टप देऊन मोकळे झाले. म्हणजे ‘चढवून टाका’वर आमचीच मक्तेदारी आहे असंही नाही.

रेक्झिनखालच्या पत्र्याची गोष्ट समजून घ्या. उघड्या पत्र्यावर पाणी पडलं तर ऊन ते वाळवतं. रेक्झिनच्या शिवणीतून, कडेची चकचकीत पट्टी बसवायला पाडलेल्या भोकांतून जे पाणी आत शिरतं, त्याला ऊन कधी दिसतच नाही. ते मागच्या काचेच्या कोपऱ्यांत साठतं आणि सावकाश पत्रा खातं. गंमत अशी, की वरून टप शेवटपर्यंत उत्तम दिसतो. अशा टपावर दुसरं रेक्झिन चढवणं म्हणजे चोर घरात असताना बाहेरून कडी लावण्यासारखं आहे.

म्हणून पुढच्या-मागच्या काचा आधी रबरासकट उतरवायच्या, कारण रेक्झिनची कड त्या रबराखाली दाबलेली असते. पट्ट्या काढायच्या. जुनं रेक्झिन गरम करून सोलायचं. खाली सोल्यूशनचा जो चिकट थर राहतो तो थिनरनं पुसायचा. मग तारेच्या ब्रशनं गंज खरवडायचा, पत्रा पांढरा दिसेपर्यंत. जिथं भोक, तिथं सडका भाग कापून नवा तुकडा वेल्ड करायचा, तोही थांबून थांबून. एकदम उष्णता दिली तर सपाट टप पोळीसारखा फुगतो. साधा प्रायमर ओल पितो, म्हणून इपॉक्सीचा मारायचा. मग खाचखळग्यांत लांबी भरायची, पॉलिश पेपर मारायचा आणि डोळे मिटून हात फिरवायचा, कारण रेक्झिनखालचा खडा डोळ्याला नंतर दिसतो, हाताला आधी. रंग पुरता वाळू द्यायचा, नाहीतर सोल्यूशन तोच उचकटून वर आणतं. एवढं झाल्यावर टपाच्या मधोमध खडूची रेघ मारायची, आणि मग रेक्झिन. ते चाचांनी एका दुपारी बसवलं. चौदा दिवस तयारी आणि एक दुपार रेक्झिन. लोक ‘काम’ म्हणतात ते त्या दुपारला!

बँकेत नोकरी केलेल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटतं. आमच्याकडं यालाच ‘नवं-जुनं’ म्हणतात. मार्चअखेर आली की पीककर्जाची जुनी बाकी भरायची आणि लगेच नवं कर्ज उचलायचं. भरायला पैसे नसतातच. ते चार दिवसांसाठी बाहेरून, बाहेरच्या व्याजानं आणायचे. कागदावर खातं झळझळीत. एका शेतकऱ्याचं नवं-जुनं मी सात मार्च पाहिलं. दर मार्चला तो हसून चहा पाजायचा आणि दर मार्चला आकडा थोडा फुगलेला असायचा. आठव्या मार्चला तो आला नाही. आधी विहिरीवरचं इंजिन विकलं होतं, मग एक एकर. सात वर्षं त्याच्या खात्यावर गंजाचा डाग नव्हता. त्या नोंदी करणाऱ्या बोटांत माझी बोटं होती. मीही ‘करून टाकलं’ होतं. मोठ्या कर्जांचंही निराळं नव्हतं. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांचं रेक्झिन सोलायला लावलं, आणि मार्च २०१८ पर्यंत थकलेल्या कर्जांचं प्रमाण ११ टक्क्यांच्या पुढं गेलेलं दिसलं. तेव्हाही लोक म्हणाले, सोललं म्हणून गंज आला!

आता खरी पंचाईत सांगतो. चाचांनी आमचं रेक्झिन सोललं, तर खाली पत्रा नव्हताच. खाली दुसरं रेक्झिन होतं; जुनं, चिरलेलं. चाचा माझ्याकडं पाहू लागले. “साहेब, हे आधी कुणीतरी चढवून टाकलंय.”

कुणीतरी म्हणजे आण्णाच. १९९८, ताईचं लग्न. मला तो नवा कोरा टप चांगला आठवतो. हेच आण्णा गणिताचं उत्तर बरोबर आलं तरी रीत दाखवली नाही म्हणून दोन मार्क कापायचे, माझेही कापलेत. संध्याकाळी घरी गेलो. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. ऐंशी उलटलेल्या माणसाला कसं विचारावं या विचारात मी दोनदा पाणी प्यायलो. शेवटी म्हणालो, “आण्णा, टपाला दोन थर निघाले.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “लग्नाला आठ दिवस होते आणि खिशात बाराशे रुपये. उत्तर लिहून दिलं. रीत दाखवायला जागा नव्हती.” आणि थांबून म्हणाले, “तू आता दाखव.”

तेव्हापासून माझा राग थोडा नीट जागेवर बसलाय. अडलेल्या माणसानं झाकलं तर त्याला बोल लावणारा मी कोण? त्या शेतकऱ्यालाही नाही. राग आहे तो ज्यांच्याकडं पंधरा दिवसही आहेत, पैसेही आहेत, आणि तरी जे झाकण्यालाच शहाणपण म्हणतात त्यांच्यावर. नाना शुक्रवारी म्हैस घेतात तेव्हा शिंगांच्या रंगाला भुलत नाहीत. दात मोजतात, कास चाचपतात, चार पावलं चालवून बघतात. तेच नाना माझ्या मोटारीला, शाळेच्या भिंतीला आणि गावच्या रस्त्याला मात्र शिंगं रंगवायला सांगतात. बाब म्हशीची असली तर अक्कल शाबूत. चौघांची असली की ‘टाका’.

टप झाल्यावर आण्णांना घेऊन शिंगणापूरला जाऊन आलो. आमच्यापासून पाच-सहा किलोमीटर. गावातल्या घरांना दारं नाहीत म्हणून ते प्रसिद्ध. २०११ मध्ये युको बँकेनं तिथं कुलूप नसलेली शाखा उघडली तेव्हा आमच्या शाखेत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आणि शनिदेवाच्या डोक्यावर छत नाही. उघड्या चौथऱ्यावर, ऊन-पाऊस घेत, वरून तेल. ज्याला झाकायचं काही नाही त्याला टपाची काळजी नाही. आमचं तसं नाही; म्हणून निदान खालचं नीट असावं.

परतताना पाऊस लागला. मागच्या सीटवर आमची ही होती. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “अहो, कोरडं आहे.”

आण्णा पुढच्या सीटवरून म्हणाले, “दोन मार्क परत.”