ओंडका हलला तेव्हा

मे महिन्याच्या सुट्टीत नणंदेकडे सिंगापूरला गेलो होतो. एका दिवशी फजरनंतर लगेच निघालो आणि सुंगेई बुलोहच्या खारफुटीत पोहोचलो. पाण्यात ओंडका पडलेला. तो हलला!

"अम्मी, मगर!" धाकटा आमच्या मागे लपला.

भीती अगदीच खोटी नव्हती. तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, तशा पाट्याही आहेत. पण जरा थांबून पाहिले, तर दोन टोकांची लांब जीभ सारखी आत-बाहेर होत होती. मगर अशी जीभ बाहेर काढत नाही. ही पाण्यातली घोरपड. मोठी असेल तर तीन मीटरपर्यंत भरते. तिची दुसरी एक बहीण झाडावर चढलेली दिसते. दोघींतला फरक नाकपुडीत. पाणघोरपडीची तोंडाच्या टोकाजवळ, दुसरीची फटीसारखी, डोळा आणि टोक यांच्या मधोमध. (एवढे जवळ जायचे नाही, मोबाईलचा कॅमेरा झूम करायचा.)

पुढे एका खोडावर सालीच्याच रंगाचा सरडा गळ्याखालचा पिवळा पडदा उघडमिट करत होता. तो उडता सरडा, ड्रॅको. त्याला पंख नसतात. लांब बरगड्यांवर ताणलेल्या कातडीवर तो तरंगत जातो.

नंतर कुंपणावर लाल गळ्याचा सरडा दिसला आणि थोरलीने दगड उचलला. सरडा लांबूनच रक्त ओढतो, हे आम्ही लहानपणी ऐकलेले, आणि बहुधा आमच्याच तोंडून तिच्यापर्यंत गेलेले. शरम वाटली. तो आपल्या गावचाच बागेतला सरडा. विणीच्या काळात नराचे डोके-गळा लाल होतो, एवढेच. खातो किडे, विष नाही.

सिंगापुरात मात्र तो पाहुणा. 1980च्या दशकात बाहेरून आला, पसरला, आणि तिथला मूळचा हिरवा तुरेवाला सरडा मोकळ्या जागांतून मागे हटला.

"मग याला मारलं तर चालेल?" थोरलीने विचारले.

"त्याला आणलं माणसांनी," आम्ही म्हणालो आणि दगड काढून घेतला. तिला ते फारसे पटले नाही.

दोन दिवसांनी बुकित तिमाहच्या जंगलात तिनेच आम्हाला थांबवले. पानांत हिरवागार, शेपूट अंगाच्या कितीतरी पट लांब. "अम्मी, हा इथलाच ना?" एवढे बोलेपर्यंत तो तपकिरी झाला होता.