हाडाच्या सलाईनबद्दल बाईला कोण सांगणार?

आपल्या भागात सलाईन ही नुसती औषधाची बाटली राहिलेली नाही, ती ताकदीची खूण झाली आहे. परभणी, गंगाखेड, जिंतूरच्या दवाखान्यात बाई अंगदुखी घेऊन गेली आणि बाटली न लावता परत आली, तर घरच्यांना डॉक्टरच कच्चा वाटतो. त्यामुळे हाडे ठिसूळ झालेल्या बाईला झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडची छोटी बाटली लावली जाते, तेव्हा ती तिला नेहमीचीच 'ताकदीची सलाईन' वाटते. ती तशी नाही. हे औषध एकदा शिरेतून गेले की हाडात जाऊन बसते आणि काही वर्षे तिथेच राहते. गोळी सोसली नाही तर बंद करता येते, हे परत काढून घेता येत नाही. म्हणूनच ते देण्याआधी बाईशी बोलणे हा उपचाराचाच भाग आहे, असे माझे म्हणणे आहे.

औषध वाईट आहे असे मी म्हणत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत पाळी गेलेल्या साडेसात हजारांहून अधिक बायका होत्या. तीन वर्षांत मणक्याचे फ्रॅक्चर सलाईन न मिळालेल्यांत शंभरातल्या सुमारे ११ जणींना झाले, मिळालेल्यांत ३ जणींना. खुब्याचे फ्रॅक्चर हजारात २५ वरून १४ वर आले. खुबा मोडून खाटेवर पडलेल्या सासूचे सगळे करणारी सूनही बाईच असते, तेव्हा हा फायदा मी हलका मानणार नाही.

पण त्याच चाचणीत दिसलेली दुसरी गोष्ट आपल्या बायकांपर्यंत पोचलेलीच नाही. पहिल्या सलाईननंतर तीन दिवसांत जवळजवळ एकतृतीयांश बायकांना ताप, अंगदुखी, डोकेदुखी, सांधेदुखी यांतले काही ना काही झाले. दुसऱ्या वर्षी हे प्रमाण शंभरात ७ पर्यंत उतरले. हा त्रास बहुधा तीन-चार दिवसांत ओसरतो, पॅरासिटॅमॉलने कमी होतो. हे आधी सांगायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे न दिल्याने काय होते ते गंगाखेड तालुक्यातल्या एका बाईकडून मी ऐकले आहे. "रातच्याला थंडी वाजून आली, समदं अंग मोडलं. मला वाटलं औषध उलटलं." तिची चार दिवसांची मजुरी बुडाली, मुलाने दुसऱ्या दवाखान्यात नेऊन आणखी दोन बाटल्या लावल्या, आणि कशावर काय दिले हे तिथल्या डॉक्टरलाही कळेना, कारण पहिल्या चिठ्ठीवर औषधाचे नावच नव्हते. ती पुन्हा त्या वाटेला गेली नाही. खुरपणी-वेचणीच्या दिवसांत चार दिवस कोणते गमवायचे, हे ठरवायचा हक्क तरी तिला हवा होता.

ताप निघून जातो. मूत्रपिंडाचे तसे नाही. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंड आधीच कमकुवत असेल किंवा अंगात पाणी कमी असेल, तर ते निकामी होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ साली तसा इशारा दिला. आता आपला उन्हाळा डोळ्यासमोर आणा. पारा चाळिशीच्या वर, शेतात आडोसा नाही, म्हणून बाई दिवसभर पाणीच कमी पिते. त्यात कंबरदुखीवर वर्षानुवर्षे दुखणे मारणाऱ्या गोळ्या नाहीतर सुया, त्याही मूत्रपिंडाला बाधतात. अशा बाईचे क्रिएटिनिन न तपासता बाटली लावणे म्हणजे सरळ हयगय आहे. रक्तातले कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्वही पाहिले पाहिजे. ते कमी असताना हे औषध दिले तर कॅल्शियम आणखी घसरते, हातापायांना मुंग्या येतात, पेटके येतात.

आणि मशेरी. आपल्याकडे कितीतरी बायांचे दात-हिरड्या मशेरीने गेलेल्या आहेत, दुखरा दात कुठेही बसून उपटला जातो. या औषधावर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचे हाड भरून येत नाही, उघडे पडून सडते. हाडांच्या ठिसूळपणासाठी वर्षातून एकदा घेणाऱ्यांत हे फार दुर्मिळ आहे. पण कर्करोग हाडात उतरलेल्या बायांना हेच औषध दर तीन-चार आठवड्यांनी देतात, आणि त्यांच्यात हे प्रमाण बरेच जास्त आहे. उपचारासाठी संभाजीनगरला खेपा घालणाऱ्या आपल्या मैत्रिणींना दात आधी दाखवून घ्या, हे कोणीतरी सांगायला हवे. मांडीत किंवा जांघेत नवे दुखणे सुरू झाले, डोळा लाल होऊन दुखू लागला, छाती धडधडू लागली, तर वाट न पाहता दाखवावे.

इथे मला एक जुना धागा ओढावासा वाटतो. टोचून घ्यायच्या गर्भनिरोधकांविरुद्ध स्त्री संघटना १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हाही मूळ मुद्दा हाच होता, न सांगता टोचायचे नाही. डेपो प्रोव्हेराने हाडे विरळ होतात हा ठळक इशारा अमेरिकेत २००४ साली आला, आणि आपल्या सरकारने २०१७ मध्ये तेच इंजेक्शन 'अंतरा' नावाने कार्यक्रमात आणले. शेजारच्या बीडमध्ये २०१९ साली नीलम गोऱ्हे समितीच्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. सोनपेठ, गंगाखेडहूनही टोळ्या जातातच. पिशवीबरोबर अंडाशयही काढले की पस्तिशीतच हाडांची झीज सुरू होते. ज्या व्यवस्थेने न विचारता पिशवी काढली, तीच पुढे न सांगता हाडाची बाटली लावते, आणि दोन्हींचे बिल बाईच भरते. हाडे का झिजली, हे विचारल्याशिवाय नुसती सलाईन मागणे मला अर्धवट वाटते.

गटांनी आपल्या बैठकीत बायांच्या चिठ्ठ्या बघायला सुरुवात करावी. औषधाचे नाव, तारीख, क्रिएटिनिनचा आकडा कागदावर मागून घ्यावा, बाटलीचे खोके घरी आणावे. डॉक्टर चिडतील, चिडू द्या. त्रास झालाच तर तो डॉक्टरनेच कळवावा असे नाही. देशाच्या औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर बाई स्वतः नोंदवू शकते, त्यासाठीचा फॉर्म मराठीतही आहे. त्यात औषधाचे नाव लिहावे लागते, म्हणून ते खोके.