आधी पाण्याचा बंदोबस्त, मग रंगरंगोटी

मे महिना लागला की कर्जत, नेरळ, खोपोलीच्या आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंना घरदुरुस्तीची आठवण होते आणि शिलकीतला पैसा फरशी व रंगावर जातो. घर नीटनेटके असावे याबद्दल दुमत नाही. परंतु पैसा आधी कोठे लावावा याचा विचार आपल्याकडे कमी होतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपला मुलूख सह्याद्रीच्या पायथ्याचा. ढग घाटाला अडतात आणि पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. जुन्या लोकांनी उंच जोते, उतरते कौलारू छप्पर आणि भिंतीपुढे काढलेली वळचण ठेवली, ती शोभेसाठी नव्हे. आज सपाट स्लॅब व वीतभर जोते करून आपण ओलीला आमंत्रण देतो. दगडमातीच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल कोंडते व वरचा ऑइलपेंट पोपडे धरतो.

आपल्यापैकी अनेकांचे घर हेच दुकान वा कारखाना असते. कापडाच्या ताग्यावर बुरशीचा डाग पडला की गिऱ्हाईक तो हातात घेत नाही. सुताराचे लाकूड फुगते, शिंप्याचे मशीन गंजते. हे नुकसान भांडवलाचे आहे.

म्हणून जागा पाहून काम ठरवावे. उल्हास वा पाताळगंगेच्या काठी राहणाऱ्यांनी २६ जुलै २००५ चे पाणी कोठवर चढले होते ते शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारावे आणि विजेचे मीटर व मालाच्या फळ्या त्याच्या वर न्याव्यात. डोंगराच्या कुशीत असलेल्यांनी खोली वाढवण्यासाठी मागचा उतार कापू नये. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी दरडीखाली गेली. पावसाने भिजलेला डोंगर किती बेभरवशाचा असतो, हे आपण पाहिले आहे. शिवाय माथेरानभोवतीचा परिसर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तेथे बांधकामापूर्वी परवानगीची चौकशी करावी.

आमची सूचना एवढीच. मे अखेरपर्यंत छप्पर, पन्हळी व घराभोवतालचे गटार पुरे करावे. गिलावा आणि रंग दिवाळीनंतर, भिंती सुकल्यावर काढावा. फरशी पुढच्या वर्षीही बसवता येईल. भिजलेला तागा मात्र पुन्हा कोरा होत नाही.