पहिल्या नावाची टक्केवारी

गेल्या बकरी ईदला इचलकरंजीला गेलो होतो. दुपारची जेवणं झाल्यावर चाचांनी मला कारखान्यात नेलं आणि एक कोटेशन पुढे ठेवलं. आठ रॅपियर माग, बँकेचं कर्ज, पाच वर्षांचे हप्ते. "तू इंजिनिअर आहेस. हिशेब जमतोय का ते बघून सांग," एवढंच म्हणाले.

चाचांकडे बारा साधे यंत्रमाग आहेत. ते खर्चीवाले आहेत. इचलकरंजीबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, खर्चीवाला म्हणजे मजुरीवर कापड विणून देणारा. सूत व्यापाऱ्याचं, तयार कापडही व्यापाऱ्याचं. माग, जागा, वीज आणि कामगार आपले. मजुरी पिकावर मिळते, म्हणजे एका इंचात आडवे धागे किती त्यावर. भिवंडी आणि मालेगावातही हजारो घरं अशाच पद्धतीवर चालतात. आपल्या वाचकांपैकी अनेकांचं शिक्षण याच मजुरीतून झालं आहे. माझं तरी झालं.

मी लॅपटॉप उघडला आणि तक्ता मांडला. मागाचा वेग, विजेचं बिल, कामगारांचा पगार, बँकेचा हप्ता. तासाभरात उत्तर आलं: ओढाताण होईल, पण जमेल. मी ते सांगणारच होतो, तेवढ्यात तक्त्यातल्या एका रकान्याकडे लक्ष गेलं. मजुरीचा दर. तो मी पाच वर्षांसाठी एकच धरला होता.

"चाचा, हा दर ठरवतं कोण?"

"व्यापारी."

"आणि काम किती व्यापाऱ्यांचं आहे?"

चाचा हसले. "एकाचंच. एकोणीस वर्षं झाली."

मग मी तक्ता पुन्हा मांडला. समजा ५२ पिकाचं कापड आहे आणि पिकामागे १० पैसे मजुरी आहे. म्हणजे मीटरला ५ रुपये २० पैसे. मंदी आली आणि व्यापाऱ्याने पिकामागे फक्त अर्धा पैसा कमी केला, तर मीटरमागे २६ पैसे गेले. बारा साधे माग दोन पाळ्यांत मिळून दिवसाला ८४० मीटर विणतात असं धरू. महिन्याचे २५ दिवस धरले तर चाचांचं नुकसान सुमारे साडेपाच हजार. नवे माग वेगाने चालणार, कापड दुप्पट निघणार. मग त्याच अर्ध्या पैशाने महिन्याला जवळपास ११ हजार जाणार, आणि बँकेचा हप्ता मात्र एक रुपयानेही कमी होणार नाही. आज दर पडला तर चाचा दोन माग बंद ठेवून दिवस काढू शकतात. कर्ज घेतल्यावर ती मुभाही राहणार नव्हती.

प्रश्न मागांचा नव्हताच. नवे माग घेतल्यावर चाचा त्या एका माणसावर जास्त अवलंबून राहणार होते, आणि हे कोटेशनच्या एकाही पानावर लिहिलेलं नव्हतं.

मी हे मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं. आमच्या क्षेत्रात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. एकच वस्तू बंद पडली आणि सगळं ठप्प झालं, अशी रचना करायची नाही. एक सर्व्हर बसला तर दुसरा काम उचलतो. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुझ्या पहिल्या कंपनीला दुसरं गिऱ्हाईक का नव्हतं?"

ते बरोबर होते. पुण्यातली माझी पहिली कंपनी चाळीस माणसांची होती. सर्व्हर दोन होते, बॅकअप रोज होत होता. उत्पन्नाचा मोठा भाग मात्र परदेशातल्या एकाच ग्राहकाकडून येत होता. त्या ग्राहकाने काम स्वतःकडे घ्यायचं ठरवलं आणि सहा महिन्यांत कंपनी बंद झाली. काम वाईट झालं नव्हतं. आमच्यातल्या कुणी काही चूक केली नव्हती. फक्त कंपनी चांगली चालली होती त्या वर्षांत दुसरा ग्राहक शोधायचा निर्णय कुणी घेतला नाही. तो घेतला नाही, हाच एक निर्णय होता. त्याची किंमत चाळीस घरांनी दिली.

ही अडचण जुनी आहे आणि तिच्यावर उत्तर शोधणारी माणसंही जुनी आहेत. १९४५ साली मुंबईला दूध पुरवायची सरकारी योजना सुरू झाली. खेडा जिल्ह्यातलं दूध गोळा करायचं काम पोल्सन या एका कंपनीकडे गेलं. शेतकऱ्याला विकायला दुसरी जागा उरली नाही, म्हणून भाव पोल्सन सांगेल तो. १९४६ मध्ये शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध दिलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांचा सहकारी संघ नोंदवला गेला, त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखाली. पुढे त्याचं अमूल झालं.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. मला त्यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. संघ झाला तरी मोठा गिऱ्हाईक एकच होता, मुंबईची दूध योजना. हिवाळ्यात म्हशी जास्त दूध देतात आणि ते सगळं मुंबई घेत नव्हती. न घेतलेलं दूध नासणार. म्हणजे पोल्सनच्या जागी दुसरं नाव आलं, पण अडचण तशीच राहिली. यावर संघाने आणंदला दूध पावडरीचा कारखाना काढला. तो १९५५ मध्ये सुरू झाला आणि म्हशीच्या दुधाची पावडर करणारा तो जगातला पहिला कारखाना ठरला. जास्तीचं दूध आता टिकवता येत होतं. "आज तुम्ही घेतलं नाही तरी चालेल," असं म्हणायची सोय झाली. घासाघीस करायची ताकद तिथून आली.

"नाही" म्हणायची सोय किती महत्त्वाची आहे, हे कायदा बघितला की कळतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना वेळेवर पैसे मिळावेत म्हणून २००६ चा कायदा आहे. लेखी करार असला तरी खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून प्राप्तिकरातही तरतूद आली. लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच दाखवता येतो. हे हक्क मिळवायला उद्यम नोंदणी लागते. ती ऑनलाइन होते आणि सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. कुणी पैसे मागत असेल तर तो दलाल आहे.

मी चाचांना विचारलं, व्यापारी किती दिवसांनी पैसे देतो? म्हणाले, तीन महिने, कधी चार. उद्यम नोंदणी आहे? आहे. मग तक्रार का करत नाही? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे बोललो नाही. तक्रार केली तर दुसऱ्या दिवशी बीम येणार नाही, आणि बारा मागांवर सात कामगारांची घरं चालतात. कायदा कपाटात आहे. तो बाहेर काढायचा तर दुसरा व्यापारी लागतो.

आता संस्थांकडे वळतो, कारण या मासिकाचे बरेच वाचक कुठल्या ना कुठल्या संस्थेत, मंडळात, अभ्यासिकेत काम करतात. तिथे गिऱ्हाईक नसतो, देणगीदार असतो. गणित तेच.

सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणगीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. परदेशातून देणगी घेणाऱ्या संस्थेला ती रक्कम दुसऱ्या संस्थेला देता येणार नाही असं ठरलं. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. गावपातळीवरच्या कितीतरी लहान संस्था मोठ्या संस्थेमार्फत येणाऱ्या पैशावर चालत होत्या. त्यांची वाट एका दुरुस्तीने बंद झाली. कायदा बरा की वाईट हा वेगळा वाद आहे. ज्यांच्याकडे दुसरी वाट होती त्या संस्था त्या वादात तरी उतरू शकल्या.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीचंही तसंच. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले. पैसा आला, चांगली कामंही झाली. पण कुठलं काम घ्यायचं हे कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं, आणि दरवर्षी पुन्हा ठरवू शकतं.

आम्ही काही मित्र एक अभ्यासिका चालवतो. महिन्याचा खर्च ३६ हजार होता. त्यातले २७ हजार एका कंपनीकडून येत होते. दोन वर्षं सुरळीत गेली. तिसऱ्या वर्षी निरोप आला की यापुढे पैसा फक्त तीन महिन्यांच्या कौशल्य प्रशिक्षणासाठी मिळेल, आणि त्यासाठी संध्याकाळी हॉल मोकळा हवा. संध्याकाळ ही मुलींची वेळ. दिवसभर घरकाम किंवा नोकरी करून तीसेक मुली तेव्हाच येतात. कुणी पोलीस भरतीचा अभ्यास करते, कुणी नर्सिंगचा, दोघी एमपीएससीच्या मागे आहेत.

बैठक रात्री एकपर्यंत चालली. एक जण म्हणाला, यंदा पैसे घेऊ, पुढच्या वर्षी बघू. त्याचं म्हणणं मूर्खपणाचं नव्हतं. संस्था बंद पडण्यापेक्षा वाकणं बरं. पण संध्याकाळ एकदा गेली की त्या मुली परत येतील का, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. शेवटी आम्ही नकार कळवला. बासष्ट कुटुंबांनी महिना दीडशे रुपये द्यायचं कबूल केलं. ते ९ हजार ३०० होतात. जुन्या देणग्या धरून १८ हजारांत बसावं लागलं. सकाळची वेळ बंद केली. ग्रंथपालाचा पगार कमी केला. ही शेवटची गोष्ट मला अजून बोचते, कारण त्या निर्णयाची किंमत आमच्यापैकी कुणी दिली नाही, त्याने दिली.

इथे आपल्या संस्थांची आणखी एक सवय सांगायला हवी. आपल्याकडे बहुतेक देणगी रमजानमध्ये येते. जकातीचे हक्कदार ठरलेले आहेत, त्यामुळे अभ्यासिकेचं भाडं किंवा पगार त्यातून द्यावा का, यावर दरवर्षी वाद होतो. एका महिन्यावर आणि एका प्रकारच्या रकमेवर अकरा महिने काढणं हेही अवलंबनच आहे. त्या बासष्ट कुटुंबांचे दीडशे रुपये रक्कम म्हणून लहान आहेत, पण ते दर महिन्याला येतात. एका कुटुंबाने थांबवले तर आमचं काही अडत नाही.

मला कुणाला फुशारकीचा सल्ला द्यायचा नाही. "एकाच व्यापाऱ्यावर का राहता, स्वतःचं सूत घ्या," असं पुण्यात बसून म्हणणं सोपं आहे. स्वतःचं सूत म्हणजे भांडवल अडकणं. सुताचा भाव उतरला तर गोदामातल्या मालाचा तोटा आपला. मजुरीत हा धोका व्यापारी घेतो, आणि मंदीत चाचांचे माग चालू ठेवणारा हाच व्यापारी होता, हेही खरं आहे. म्हणून एका दिवसात नातं तोडायचं नसतं. थोड्या भागावर करून बघायचं असतं. आम्ही सॉफ्टवेअरमध्येही नवा बदल सगळ्या वापरकर्त्यांना एकदम देत नाही. आधी शंभरातल्या पाचांना देतो, काय मोडतं ते बघतो.

दुकान, कारखाना किंवा संस्था चालवणाऱ्या प्रत्येकाने एक संध्याकाळ काढून तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात एवढंच मी सुचवेन. गेल्या बारा महिन्यांत आलेल्या पैशातला सगळ्यात मोठा वाटा कुणाचा आणि तो किती टक्के. तो माणूस उद्या थांबला तर आपण किती महिने पगार देऊ शकतो. आणि येणारी नवी योजना, मग ती कर्जाची असो, सबसिडीची असो की देणगीची, ही टक्केवारी वाढवते की कमी करते. सबसिडीवर बेतलेली योजना असेल तर सरकारचं नावही त्या यादीत लिहावं, कारण योजना बंद होतात. यंत्रमागवाल्यांनी केंद्राची तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना १९९९ मध्ये सुरू होताना पाहिली आणि मार्च २०२२ मध्ये संपतानाही पाहिली.

हा कागद चांगल्या दिवसांत लिहायचा असतो. वाईट दिवसांत निर्णय घ्यायला वेळ नसतो, जो पहिला हात देईल तो धरावा लागतो.

चाचांनी यंदा रॅपियर घेतले नाहीत. बारापैकी चार मागांवर दुसऱ्या व्यापाऱ्याची बीम घेतली. पहिल्या व्यापाऱ्याला ते कळायला दोन दिवस लागले. पुढचे तीन आठवडे त्याच्याकडून बीम उशिरा आली, दोन माग उभे राहिले, आणि त्या दोन मागांवरच्या कामगाराला चाचांनी खिशातून अर्धा पगार दिला. चाचींनी मला फोन करून चांगलंच सुनावलं. आता काम पुन्हा येतं आहे. दर वाढलेला नाही. एक गोष्ट मात्र बदलली. गेल्या महिन्यात चाचांनी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्या व्यापाऱ्याला विचारलं, "मार्चचं बिल कधी देताय?" पैसे अजून आलेले नाहीत. पण पुढचं बीम वेळेवर आलं.