विरजणातले जिवाणू कोण?

दुकानातल्या फ्रीजमध्ये साध्या दह्याशेजारी ‘प्रोबायोटिक’ दह्याचा डबा असतो आणि तो बहुधा महाग असतो. ग्राहक जादा पैसे मोजतो ते त्यातल्या जिवाणूंसाठी. पण डब्यावर ‘आरोग्यदायी जिवाणू’ एवढेच छापलेले असेल, तर त्याने नेमके काय विकत घेतले हे त्याला कळणार कसे?

जिवाणू ओळखणे कधीच सोपे नव्हते. १९०५ साली स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन संशोधकाने आपल्या देशातल्या दह्यातला जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली शोधला. त्यानंतर कित्येक दशके जिवाणूचा आकार आणि तो कोणती शर्करा आंबवतो, यावरूनच त्याची ओळख ठरत असे. मात्र दिसायला आणि वागायला सारखे असणारे जिवाणू मुळात वेगळे असू शकतात. कार्ल वूस यांनी १९७७ मध्ये रायबोसोममधील आरएनएच्या तुलनेतून सूक्ष्मजीवांची नाती उलगडली आणि नवी वाट सापडली. आज दह्यातून किंवा इडलीच्या पिठातून डीएनए वेगळा काढतात, ‘१६एस’ या सुमारे १,५०० अक्षरांच्या जनुकाच्या प्रती काढतात आणि त्यांचा क्रम वाचतात. प्रयोगशाळेत न वाढणारे जिवाणूही त्यात सापडतात. जनुकीय अभ्यासामुळेच २०२० मध्ये ‘लॅक्टोबॅसिलस’ या एका नावाखालच्या अडीचशेहून अधिक जाती २५ गटांत विभागल्या गेल्या.

पण जातीचे नाव कळून भागत नाही. स्ट्रेन, म्हणजे त्या जातीतला नेमका वाण, कळावा लागतो. ‘ई. कोलाय’ या एकाच जातीतला एक वाण रक्ती हगवण लावतो, तर ‘निसल १९१७’ हा वाण औषध म्हणून वापरला जातो. एवढा बारीक फरक १६एस जनुकातून कळत नाही. त्यासाठी संपूर्ण जनुकसंच वाचावा लागतो. प्रतिजैविकांना दाद न देणारी आणि इतर जिवाणूंकडे जाऊ शकणारी जनुके त्या वाणात आहेत का, हेही त्यातूनच तपासता येते.

या चाचणीच्याही मर्यादा आहेत. डीएनए मेलेल्या जिवाणूचाही सापडतो. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या व्याख्येनुसार मात्र प्रोबायोटिक जिवाणू जिवंत हवेत, पुरेशा संख्येत हवेत आणि त्यांचा आरोग्याला लाभ व्हायला हवा. इडली वाफवताना किंवा कढी उकळताना हे जिवाणू मरतात. म्हणून इडली कमी प्रतीची ठरत नाही. आंबवण्याने तिला आलेला हलकेपणा टिकतोच. पण तिला प्रोबायोटिक म्हणता येणार नाही. शिवाय चाचणी जिवाणू कोण ते सांगते. त्याचा लाभ होतो का, हे माणसांवरील अभ्यासातूनच ठरते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वाणापर्यंतची जनुकीय ओळख, सुरक्षिततेच्या चाचण्या आणि माणसांवरील पुरावा यांचा आग्रह आहे. तो डब्यावरही दिसायला हवा. वाणाचे पूर्ण नाव आणि वापराच्या शेवटच्या तारखेपर्यंत टिकणारी जिवंत जिवाणूंची संख्या ठळक छापली जावी. पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रासारख्या संस्थांमध्ये ओळख पटवण्याचे कौशल्य आहे. ते बचत गट आणि लहान दुग्धव्यावसायिकांना परवडणाऱ्या दरात मिळाले, तर शास्त्रीय दावा करणे ही केवळ बड्या कंपन्यांची मक्तेदारी राहणार नाही.

घरच्या दह्याला अशा प्रमाणपत्राची गरज नाही. ते प्रथिने आणि कॅल्शियम देणारे चांगले अन्न आहे आणि त्याहून अधिक कशाचा दावा करत नाही. कर्करोगावर उपचार घेणाऱ्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांनी मात्र प्रोबायोटिक उत्पादने डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. बाकीच्यांनी डबा उचलण्याआधी त्यावर वाणाचे नाव आहे का, एवढे पाहावे. नाव नसेल, तर जादा पैसे देण्याचे कारणही नाही.