कागद मालकाचा, मजकूर कुणाचा?

वृत्तपत्रांचे जुने अंक ही मालकांची मालमत्ता, ते नेटवर टाकणे म्हणजे चोरीच, हे गेल्या अंकातल्या पत्रातले म्हणणे फारच सरसकट आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क टिकतो. निनावी मजकुरावर प्रकाशनापासून ६० वर्षे. आगरकर गेले १८९५ साली, टिळक १९२०मध्ये. त्यांच्या ‘केसरी’तल्या लेखांवर आज कोण हक्क सांगणार? शिवाय त्या काळी बराचसा मजकूर बिनसहीचाच छापला जाई.

स्कॅनिंगला खर्च येतो, मान्य. पण २००७मध्ये ‘ईस्टर्न बुक कंपनी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कॉपीराइट मिळायला नुसते श्रम आणि भांडवल पुरेसे नाही, थोडी तरी सर्जकता हवी. हुबेहूब छायाप्रतीत ती कुठून आणायची?

१९७०-८०च्या सहीच्या लेखांबद्दल आणि व्यंगचित्रांबद्दल मात्र पत्रलेखकाचे बरोबर आहे. तिथे परवानगी घ्यायलाच हवी. पण म्हणून १८९०चा अंकही कुलपात? मागे एका ग्रंथालयात (महिनाभर खेटे घातल्यावर) असा अंक हाती आला, तेव्हा पानांच्या कडा पिठासारख्या बोटांना लागल्या.

– एक वाचक, पुणे