नकाशावरील पट्टी व विमानाची वाट

दोन शहरांतील अंतर काढावयास सांगितलें, कीं विद्यार्थी भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवितात. पुणें व नाशिक यांच्यापुरती ही रीत चालून जाईल. परंतु पृथ्वीच्या दोन टोकांच्या शहरांविषयीं ती केवळ फसवी आहे, व आमच्या मतें ती वर्गांतून काढून टाकावी.

सिंगापूर व न्यूयॉर्क हीं शहरें घेऊं. या दोहोंमध्यें विमान कोठेंही न उतरतां जातें. मर्केटरच्या नकाशावर पट्टी ठेवून पश्चिमेकडे रेघ ओढिली, तर ती अरबी समुद्र, सहारा व अटलांटिक महासागर यांवरून जाते. आतां रेखांश पाहा. सिंगापूर सुमारें १०४ अंश पूर्वेस, न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिमेस, बेरीज १७८. म्हणजे हीं शहरें जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर असून त्यांमधील सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाशेजारून जाते! सिंगापूरपासून ध्रुव ८९ अंश, तेथून न्यूयॉर्क ४९. एकूण १३८ अंश. अंशास १११ किलोमीटर धरिले असतां अंतर सुमारें १५,३०० किलोमीटर येतें. पट्टीच्या रेघेनें जाणाऱ्यास याहून सुमारें तीन हजार किलोमीटर अधिक तुडवावे लागतील.

इतकें झालें तरी वैमानिक पुष्कळदा ही जवळची वाटही सोडितो. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. तो पाठीशीं मिळावा म्हणून न्यूयॉर्कला निघालेलें विमान अनेकदा पॅसिफिकवरून लांबची वाट धरितें, आणि वेळ व इंधन वांचवितें. प्रवासास अठरा-एकोणीस तास लागतात.

या तासांचा हिशेबही सरळ नाहीं. मध्यरात्रीच्या सुमारास सिंगापूर सोडिलेलें विमान न्यूयॉर्कला पहांटे उतरतें. तिकिटावरील वेळांची वजाबाकी करणाऱ्या पालकांस वाटेल, मुलगा सहा तासांत पोंचला. आणि निरोप येईना म्हणून तीं बिचारीं उगाच घाबरतील. न्यूयॉर्कचें घड्याळ सिंगापूरच्या मागें उन्हाळ्यांत बारा व हिवाळ्यांत तेरा तास असतें, हें त्यांस कोणीं शिकविलेंच नाहीं.

खिशांतील मोबाईल क्षणांत अंतर सांगतो, मग ही यातायात कशाला, असें कांहीं पालक विचारतात. मोबाईलनें आंकडा जरूर पाहावा. पण तो आंकडा ध्रुवावरून कां आला, हें ज्यास सांगतां येत नाहीं, त्यास भूगोलांत गुण देण्यास आमचा हात कचरतो.

उपाय स्वस्त आहे. पुष्कळ शाळांतून पृथ्वीचा गोल तपासणीच्या दिवशींच कपाटाबाहेर पडतो. तो रोज मुलांच्या हातीं द्यावा, व सोबत हातभर दोरा. तीस सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर सिंगापूरपासून न्यूयॉर्कपर्यंत ताणलेला दोरा सुमारें छत्तीस सेंटिमीटर भरतो. विद्यार्थ्यांनीं तो स्वतः ताणून पाहावा, आणि मग मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत ताणून वाटेंत कोणते देश लागतात, तें वहींत लिहावें.